लाल शाईतली दुरुस्ती

नारायण पेठ, पुणे
१९ मे २०२५

निकिता,

पत्राच्या सुरुवातीला ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची माझी जुनी सवय आहे. इथे ती आवरली. ज्या बाईचा नंबर तू ब्लॉक केलास, तिचे आशीर्वाद तुला कशाला हवेत? तरी फाडण्याआधी एवढं वाच.

मी सुशीला दामले. तुझ्या शाळेच्या ऑफिसात तेवीस वर्षं लिपिक होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. परवा शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये ‘दहावीनंतर पुढे काय’ हे सरकारी शिबिर झालं. नावं लिहून घ्यायला माणूस हवा होता, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. दारातल्या टेबलावर तुझं नाव मीच लिहिलं. तू मान वर केली नाहीस आणि मीही ओळखलं नाही. पाचवीतली मुलगी सतराव्या वर्षी ओळखू येत नाही.

आयटीआयच्या टेबलावर विश्वजीत घुले होता. जिल्ह्याचं कौशल्य विकास आणि रोजगार मार्गदर्शन केंद्र आहे, तिथला समुपदेशक. तू त्याला म्हणालीस, मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय, पुढे लिफ्टच्या कामात जायचंय. त्याने विचारलं, लिफ्टच का? तू सांगितलंस की आई हडपसरला ज्या टॉवरमध्ये कामाला जाते तिथली लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते आणि आई अकरा मजले चढते. एकदा दुरुस्तीला आलेल्या माणसाने तुला आतलं सगळं उघडून दाखवलं होतं. विश्वजीतला ते फार आवडलं. मग त्याने जातीचा दाखला मागितला.

तुझ्या आईने फाइलमधून शाळेच्या रजिस्टरचा उतारा काढला. आम्ही बौद्ध आहोत आणि शाळेने ‘हिंदू मराठा’ लिहून ठेवलंय, असं त्या म्हणाल्या. त्यामुळे तहसीलमध्ये अर्ज फेटाळला गेला आणि गेल्या वर्षी राखीव जागेवर लागणारा नंबर हातचा गेला. विश्वजीतने विचारलं, “लिहिलं कुणी हे?”

माझं टेबल त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होतं. उतारा झेरॉक्सचा होता, पण अक्षर दुरूनही कळलं. मी उठून पाणी प्यायला गेले.

काल नोंदणीच्या कागदावरून तुला फोन केला. दुरुस्तीला मदत करीन म्हणाले. तू विचारलंस, “मॅडम, तुम्ही त्याच ना, चष्म्याला दोरी असलेल्या?” मी हो म्हणाले आणि फोन बंद झाला.

तर खुलासा असा. जून २०१८ मध्ये तुझ्या पाचवीच्या प्रवेशाची नोंद करताना ती चूक झाली. दिवसाला साठ-सत्तर अर्ज येत. जाधव आडनाव पाहून नजरचुकीने तसं लिहिलं गेलं. याबद्दल वाईट वाटतं. दुरुस्ती होऊ शकते असं माझं मत आहे. चौकशी करून कळवते.

सुशीला दामले
(निवृत्त लिपिक)


नारायण पेठ, पुणे
६ जून २०२५

निकिता,

उत्तर आलं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

मी विश्वजीतच्या ऑफिसात जाऊन आले. ती नोंद माझ्या हातची आहे, हे त्याला सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो मांजरी गावचा, शेतकऱ्याघरचा मुलगा. त्याचं गाव महापालिकेत आलं तरी त्याची भाषा गावातच राहिली आहे. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, “बाई, चूक तुमचीच हाय ना? मग काम होणार. पोरगी शाळा सोडून गेली की रजिस्टर हलत न्हाई. लिपिकाच्या लिहिण्यातली उघड चूक असली तरच हलतं. अन् लिपिक स्वतःहून लिहून देतोय, असं मी अजून बघितलं न्हाई.”

त्याच्या टेबलावर एक जाड वही आहे. तिच्यावर ‘राहिलेली’ असं लिहिलंय. शिबिराला येऊन गेलेली, पण कुठेच प्रवेश न घेतलेली मुलं त्या वहीत आहेत. दर आठवड्याला तो एकेकाला फोन करतो. तुझं नाव तिसऱ्या पानावर आहे, शिबिराच्या दिवसापासून.

पुरावा म्हणून तुझा मूळ प्रवेश अर्ज लागणार होता. माझ्या जागेवर आता चेतन नावाचा मुलगा आहे, स्वभावाने भला. त्याने आणि मी तीन दुपारी जुने गठ्ठे उपसले. २०१८ चा गठ्ठा क्रीडासाहित्याच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांखाली सापडला. अर्ज तुझ्या वडिलांच्या अक्षरात आहे. धर्म: बौद्ध. जात: अनुसूचित जाती. व्यवसाय: महापालिका, पाणीपुरवठा विभाग. पेन इतकं दाबून लिहिलंय की कागदाच्या मागून हात फिरवला तर अक्षरं बोटाला लागतात. त्याची प्रत सोबत पाठवते आहे. ते कोविडमध्ये गेल्याचं मला शिबिराच्या दिवशीच कळलं.

आता तुझ्या आईच्या सहीचा अर्ज हवा, कारण तू अजून अठराची नाहीस. अर्ज लिहून पाठवला आहे. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत. आयटीआयचे प्रवेश सुरू झालेत, तेव्हा उशीर नको.

सुशीला दामले


१७ जून २०२५

निकिता,

अर्ज सहीशिवाय परत आला. मागच्या बाजूला तू लिहिलंस: “बाबा तुमच्या ऑफिसमध्ये आले होते. मी पण होते. त्या दिवशी तुम्ही त्यांना काय बोललात ते लिहा. मग सही.”

ऑफिसात पालक सतत येत असत. इतक्या वर्षांनी नेमके शब्द आठवणं कठीण आहे. मी नियमाप्रमाणेच उत्तर दिलं असणार. मुदत जवळ येते आहे, तेव्हा अर्ज पुन्हा पाठवत आहे. कृपया सही घेऊन पाठवावा.

सुशीला दामले


नारायण पेठ, पुणे
१८ जून २०२५

निकिता,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले, ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं. ते पत्र खोटं आहे. पेटीत पडलेलं पत्र परत काढता येत नाही, म्हणून हे दुसरं. दोन्ही बहुधा एकदमच मिळतील. आधी हे वाच.

मला सगळं आठवतं. शिबिरात उतारा पाहिला तेव्हाच आठवलं होतं. पाणी प्यायला उठले ती त्यासाठीच.

फेब्रुवारी २०१९ होता. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर छापून आलेली जात पाहून तुझे वडील शाळेत आले. तू सोबत होतीस, दोन वेण्या, हातात डबा. ते काउंटरपलीकडे उभे होते. बाकावर मी रजिस्टरं रचून ठेवली होती. ती उचलून त्यांना बसा म्हणाले नाही. ते म्हणाले, “बाई, इथे चूक झालीय. मी अर्जात बौद्ध लिहिलं होतं.”

मी रजिस्टर उघडून पाहिलं. चूक होती. तेव्हा तू शाळेतच शिकत होतीस. लाल शाईने एक रेघ, वर खरी नोंद, शेजारी मुख्याध्यापकांची सही. दहा मिनिटांचं काम होतं. आज ज्यासाठी आपण हे सगळं करतो आहोत ते दहा मिनिटांत झालं असतं.

मी ते केलं नाही. कारण माझ्या रजिस्टरात लाल रेघ नसे. तपासणीला येणारे अधिकारी माझी पानं दुसऱ्या शाळांना दाखवत. त्या पानांचा मला अभिमान होता. मी तुझ्या वडिलांना म्हणाले, रजिस्टरमध्ये खाडाखोड होत नाही. ते म्हणाले, खाडाखोड नाही, दुरुस्ती. त्यांचंच बरोबर होतं, त्याचाही मला राग आला.

मग मी जे म्हणाले ते, जसंच्या तसं: “असू दे की हो. उलट बरंच आहे. मुलगी चुणचुणीत आहे, कुणाला कळायचंही नाही.”

त्यांनी उघड्या रजिस्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, “कळू नये असं आमच्यात काय आहे बाई? माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्यासाठी ते नागपूरपर्यंत गेले होते. आम्ही ते लपवत नाही.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

मी म्हणाले, साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या. साहेब रजेवर नव्हते. आत, दोन दारांपलीकडे बसले होते. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, तेव्हा मी शिपायाकडून कामात आहे असं सांगवलं. त्यानंतर ते आले नाहीत.

पहिल्या पत्रात ‘चूक झाली’ असं लिहिलंय. नोंद करताना मी अर्ज न वाचता आडनावावरून लिहिलं, तिला फार तर चूक म्हणता येईल. फेब्रुवारीत जे केलं ते मी कळून केलं. आणि तेव्हा मला वाटत होतं की मी तुमच्या भल्याचंच बोलते आहे. इतकी वर्षं शाळेत काढून ही माझी समज.

सहीसाठी हे लिहिलेलं नाही, असं लिहिणार होते. पण सही हवीच आहे. आईला अर्ज दाखव. मी माझ्या निवेदनात तुझे वडील दोनदा आले होते हेही लिहिलं आहे. प्रत जोडते आहे.

सुशीला


नारायण पेठ, पुणे
१० जुलै २०२५

निकिता,

कंपनीत तुझी शिफ्ट असल्यामुळे मंगळवारी शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात, आईने सही केलेल्या अर्जाच्या सुनावणीला तू आली नाहीस. काय झालं ते तुला कुणीतरी नीट सांगायला हवं. तुझी आई, शर्मिलाताई, थोडक्यात सांगतील, म्हणून मी सांगते.

शर्मिलाताई माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. आम्ही एकाच बाकावर पाऊण तास बसलो. त्यांच्या मांडीवर तुझ्या पणजोबांच्या गावच्या शाळेतला उतारा होता, प्लास्टिकमध्ये घालून आणलेला. पंखा पहिल्या नंबरवर फिरत होता. चेतन शाळेचं रजिस्टर पिशवीत घेऊन उभा होता आणि दर पाच मिनिटांनी पिशवीत डोकावत होता, जणू रजिस्टर पळून जाईल.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी अर्ज वाचला, माझं निवेदन वाचलं, पुन्हा वाचलं. मग मला म्हणाल्या, नोंद करताना लेखनात चूक झाली, एवढं पुरेसं आहे. पालक आले होते आणि तुम्ही त्यांना परत पाठवलंत, हे लिहायची गरज नव्हती. हवं तर दुसरा परिच्छेद काढा. काढला नाहीत तर तुमच्याविषयी शेरा लिहावा लागेल, आणि तो शाळेकडेही जाईल.

निकिता, हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. मला तो परिच्छेद काढावासा वाटला. क्षणभर तर फार वाटला. शाळेला पुढच्या वर्षी पंच्याहत्तर वर्षं होतात, आणि जुन्या सेवकांच्या सत्कारात माझं नाव होतं. पण शेजारी तुझी आई बसली होती. मी म्हणाले, राहू द्या.

मग त्यांनी तुझ्या आईला विचारलं, तुम्हाला या बाईंविरुद्ध तक्रार द्यायची आहे का? शर्मिलाताई म्हणाल्या, “तक्रारीने माझी मुलगी आयटीआयला जाणार असेल तर देते. नाहीतर आधी दुरुस्ती द्या.”

अधिकारी बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. आदेश आठवड्यात मिळेल म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी बसस्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. त्यांनी चला म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. स्टॉपवर त्या म्हणाल्या, “बाई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. निकिताचे बाबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते. मी किती विचारलं तरी बोलले नाहीत. काय झालं होतं ते मला परवा तुमच्या पत्रातून कळलं. निकिताने वाचून दाखवलं. शब्द तसेच होते म्हणाली.”

हडपसरची बस आली. त्या चढल्या, जागा मिळाली, खिडकीशी बसल्या. बस सुटेपर्यंत मी उभी होते.

बंगळूरला असलेल्या माझ्या मुलाला, अनिरुद्धला, हे कळलं. आई, तुला कुणी विचारलंही नसतं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, विचारलं. निकिताने विचारलं.

सुशीला


नारायण पेठ, पुणे
८ ऑगस्ट २०२५

निकिता,

आदेशाप्रमाणे रजिस्टरात दुरुस्ती झाली, हे चेतनने तुला कळवलंच आहे. जातीचा दाखलाही काल निघाला, हे विश्वजीतकडून कळलं. त्याने सेतू केंद्रात स्वतः तीन फेऱ्या मारल्या.

आणि त्याच फोनवर दुसरंही कळलं. इलेक्ट्रिशियनच्या जागा भरल्या. दाखला पंधरा दिवस आधी आला असता तर तुझा नंबर लागला असता. ते पंधरा दिवस कुठे गेले याचा हिशेब मला करायला नको. जूनमध्ये मी खोटं पत्र लिहिलं नसतं, मे महिन्यात उठून पाणी प्यायला गेले नसते, तर. विश्वजीत म्हणाला, वायरमनच्या काही जागा उरल्या आहेत, औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये. तू त्याला नको म्हणालीस. पॅकिंगच्या कंपनीत तुला लाइन लीडर करणार आहेत आणि आता पुन्हा शाळेत बसायचा कंटाळा आला, असं म्हणालीस.

मी तुला सल्ला देणार नाही. तुमच्या घराला मी एकदा सल्ला दिला होता. फक्त मला जे कळलं ते सांगते.

मी विश्वजीतला विचारलं, वायरमन म्हणजे कमी का? तो म्हणाला, तेही दोन वर्षांचं, पॅनेल आणि वायरिंग हातात बसतं. नंतर लिफ्टच्या कंपन्यांत शिकाऊ उमेदवारीला वायरमन घेतात, केंद्रातून तीच नावं पाठवतात. म्हणजे तुला जिथे जायचंय तिथे हाही रस्ता जातो, थोड्या वळणाने.

आणखी एक. तो तुला सारखा फोन करतो म्हणून तुला वैताग आला आहे, असं कळलं. त्याने मला त्याची स्वतःची गोष्ट सांगितली. बारावीनंतर त्यानेही सोडलं होतं. घरची जमीन बिल्डरला गेली, दारात नवी गाडी आली, आणि दोन वर्षं तो त्या गाडीवरून नुसता फिरत होता. वडील बोलायचे थांबले होते. त्याच केंद्रातली एक बाई त्याला फोन करायची. पाच वेळा त्याने घेतला नाही. सहाव्यांदा घेतला तो शिव्या द्यायला. ती ऐकून घेऊन म्हणाली, झालं का बोलून? मग सोमवारी दहाला ये. तो गेला. का गेला ते त्याला अजून सांगता येत नाही.

गुरुवारी, चौदा तारखेला, उरलेल्या जागांची फेरी आहे. सकाळी दहाला समक्ष हजर राहावं लागतं, मूळ कागद घेऊन. विश्वजीत बुधवारी तुला फोन करील. शिव्या द्यायच्या तर दे, पण घे.

सुशीला


नारायण पेठ, पुणे
७ सप्टेंबर २०२५

प्रिय निकिता,

तुला लिहीन म्हणाले होते आणि तीन आठवडे लावले. काय लिहायचं ते ठाऊक होतं. ते नीट आठवून लिहायचं होतं, म्हणून वेळ लागला.

तू चौदा तारखेला येशील असं मला वाटलं नव्हतं. मी येणारच नव्हते. शाळेचा शिक्का असलेला दुरुस्त उतारा चेतनकडून घेऊन ये, असं विश्वजीत म्हणाला, म्हणून आले आणि आयटीआयच्या फाटकाशी थांबले. पावणेदहाला तू आणि शर्मिलाताई रिक्षातून उतरलात. रात्रपाळी करून आली होतीस, डोळे लाल होते. मी उतारा पुढे केला, तो तू घेतलास आणि सरळ आत गेलीस.

दोन तासांनी बाहेर आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. जागा मिळाली, हे तुझ्या आईने सांगितलं. बसस्टॉपवरच्या त्या दिवसानंतर त्या माझ्याशी बोललेलं पहिलंच वाक्य ते: “वायरमनला लागला नंबर.” आणि मग त्या तुझ्याकडे पाहून म्हणाल्या, ही आत वर्कशॉपमध्येच रमली होती, बोलावून आणली. तू म्हणालीस, “सरांनी एक बोर्ड दिला होता उघडायला. त्यात न्यूट्रलची वायर चुकीची लावली होती, मुद्दाम. मला सापडली.” इतकंच म्हणालीस, पण पहिल्यांदा माझ्याकडे बघून.

विश्वजीतने त्याच्या वहीतल्या तुझ्या नावावर काट मारली. तू ती पाहिलीस का? फार जोरात मारली, कागद फाटला.

मग आई रिक्षा बघायला पुढे गेली आणि तू थांबलीस. तू म्हणालीस, “माफ वगैरे मला माहीत नाही, मॅडम. पण एक विचारायचंय. तुम्हाला ते सगळं इतकं नीट आठवतं. मला बाबा त्या दिवशीचे नीट आठवत नाहीत. मला फक्त तुमचं बोलणं आठवतं. अजून काही आठवतं का तुम्हाला? त्यांचं?”

मी म्हटलं, आठवतं, लिहून पाठवते. ते असं.

त्यांनी फिका निळा शर्ट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशाला दोन पेनं. कामावरून मधल्या वेळात आले असावेत, कारण पँट गुडघ्यापाशी ओली होती. तुझं दप्तर त्यांच्या खांद्याला होतं, एकाच पट्ट्यावर.

मी त्यांना साहेब रजेवर आहेत असं सांगितल्यावर ते ‘बरं’ म्हणाले आणि निघाले. माझ्या टेबलामागे खिडकी आहे, तिच्यातून व्हरांडा दिसतो. व्हरांड्याच्या टोकाला मुलांच्या पाण्याच्या टाकीला चार नळ आहेत. त्यातला एक महिनाभर गळत होता. मी प्लंबरसाठी दोनदा कागद पाठवला होता, कोणी आलं नव्हतं. खाली बादली ठेवली होती, ती दर तासाला भरायची.

तुझे वडील त्या नळापाशी थांबले. मला वाटलं पाणी पिणार आहेत. त्यांनी हातातले कागद तुझ्याकडे दिले, दप्तर भिंतीला टेकवलं. मग वाकून नळाची मूठ काढली आणि आत बोट घालून पाहिलं. खिशातून काहीतरी काढलं, रबराची चकती असावी. ती बसवली, दोरा गुंडाळला, मूठ आवळली. नळ उघडला, बंद केला. पुन्हा उघडला, बंद केला. मग नळाखाली तळहात धरून उभे राहिले, थेंब पडतो का बघायला. बराच वेळ. मी त्यांचा अपमान करून पाच मिनिटंही झाली नव्हती.

थेंब पडला नाही. त्यांनी हात शर्टाला पुसला आणि तुला पुढे बोलावलं. तू डबा खाली ठेवलास, कागद काखेत धरलेस, दोन्ही हातांनी नळ उघडलास, मग दोन्ही हातांनी घट्ट बंद केलास, ओठ दाबून. आणि त्यांच्यासारखाच तळहात खाली धरलास.

मी खिडकीतून बाजूला झाले. त्यांनी वर पाहिलं तर मी दिसेन, अशी भीती वाटली. पण तुझ्या हसण्याचा आवाज आला म्हणून पुन्हा पाहिलं. ते तुझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाले होते. खिडकीची काच बंद होती, मला त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत. तू मात्र हसत होतीस, अगदी खळखळून. फाटकापर्यंत हसत गेलीस, आणि ते दप्तर सावरत तुझ्यामागे चालत होते, तेही हसत होते.

काय म्हणाले होते ते?

तुझी
सुशीला दामले